समीकरण जुळले, पुढे काय?

नव्या शैक्षणिक धोरणामुळे अभ्यासक्रम बदलणार, ही चर्चा सुरू झाल्यापासून ठाणे आणि नवी मुंबईतील पालकसभांत व शिक्षकांच्या बैठकांत एक वाद वारंवार कानावर येतो. एका बाजूचे म्हणणे असे की माध्यमिक शाळेतील रसायनशास्त्र कोरडे झाले आहे, ते रोजच्या जगण्याशी जोडावे, म्हणजे मुलांना गोडी लागेल. दुसऱ्या बाजूला भीती वाटते की सोडा आणि लिंबाच्या गमतीजमतींत तास गेले तर संयुजा, मोल आणि समीकरणे कच्ची राहतील, आणि पुढे सीईटी, नीट, जेईईच्या वेळी मुलांना ते जड जाईल. दोन्ही बाजू पोटतिडकीने बोलतात. पण रोजचे जगणे म्हणजे विषयावर वरून भुरभुरायची कोथिंबीर, असे दोघांनीही न तपासता धरून ठेवले आहे. भांडण आहे ते कोथिंबीर हवी की नको एवढ्यापुरते. माझे म्हणणे असे की रसायनशास्त्रातील तत्त्व ज्या प्रश्नाचे उत्तर म्हणून शिकवायचे, तो प्रश्नच विद्यार्थ्याच्या परिसरातून उचलला पाहिजे. या परिसरात स्वयंपाकघराइतकेच नळ, गटार, खाडी, कारखान्याचे फाटक आणि महापालिकेच्या सभागृहात होणारे निर्णयही येतात. अशा शिकवण्याने तत्त्व पातळ होते हा आरोप मला मान्य नाही, कारण प्रत्यक्षातील प्रश्न सुटायचा असेल तर तत्त्व नेहमीपेक्षा अधिक काटेकोरपणे वापरावे लागते.

राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातील कार्बनी संयुगांचा पाठ घ्या. मिथेन, इथेन, प्रोपेन, ब्युटेन ही समजातीय श्रेणी मुले घडाघडा म्हणून दाखवतात. श्रेणीत पुढे जाताना रेणुवस्तुमान, म्हणजे रेणूचे तुलनात्मक वजन, प्रत्येक वेळी १४ ने वाढते हेही त्यांना पाठ असते. ठाण्यातील बऱ्याच नव्या इमारतींत आज पाइपने नैसर्गिक वायू येतो, तर चाळींत आणि जुन्या वस्त्यांत सिलिंडर आहे. पाइपमधला वायू मुख्यतः मिथेन, रेणुवस्तुमान १६. सिलिंडरमधला प्रोपेन आणि ब्युटेन, म्हणजे ४४ आणि ५८. हवेचे सरासरी रेणुवस्तुमान सुमारे २९. आता रात्री शेगडीचे बटण चुकून उघडे राहिले, तर वायू कुठे साठेल? पहिल्या घरात तो छताकडे जाईल, दुसऱ्या घरात फरशीलगत पसरेल आणि ओट्याखाली, मोरीच्या कोपऱ्यात दबा धरून बसेल. वायुवीजनाची जाळी वर हवी की खाली, हे या एका तुलनेवर ठरते. तीच तुलना पुढे न्या. बंद न्हाणीघरातील गॅस गिझरमधून अर्धवट ज्वलनामुळे कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो; त्याचे रेणुवस्तुमान २८, जवळजवळ हवेइतकेच, म्हणून तो वर किंवा खाली न साठता संपूर्ण खोलीभर मिसळतो, शिवाय त्याला वासही नाही. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये असणारा हायड्रोजन सल्फाइड ३४, म्हणून तो तळाशी राहतो. त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच मरते, आणि आत उतरलेल्या कामगाराला वाटते की हवा स्वच्छ झाली. संडास धुण्याच्या आम्लात ब्लीच ओतले की निघणारा क्लोरीन ७१. तो खाली बसून फरशी घासणाऱ्या बाईच्या थेट नाकाशी राहतो. पाठ तोच, गणितही तेच. मग हा प्रश्न वर्गात विचारल्याने समजातीय श्रेणी कच्ची कशी राहील?

भोपाळचे उदाहरण मी मुद्दाम देतो, कारण ते आपल्या पाठ्यक्रमात येते तेव्हा पर्यावरणाच्या पाठात एका शोकांतिकेचे वर्णन म्हणून येते. रसायनशास्त्राच्या तासाला त्याला जागा नसते. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री तेथील युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून जो मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडला, त्याचे रेणुवस्तुमान ५७, म्हणजे आपल्या सिलिंडरमधल्या ब्युटेनहून जेमतेम एकाने कमी. हवेच्या दुप्पट जड असलेला तो वायू जमिनीलगत वस्त्यांमधून सरकत गेला. लोक जिवाच्या आकांताने पळाले. पळताना श्वास वाढला, आणि वाढलेल्या प्रत्येक श्वासाबरोबर विष आत गेले. ज्यांची नाके जमिनीच्या सर्वांत जवळ होती, त्या लहान मुलांच्या वाट्याला ते अधिक आले. हा वायू पाण्याशी अभिक्रिया करतो, म्हणून ओला कपडा तोंडावर धरणे हा साधा उपाय काही प्रमाणात तरी उपयोगी पडला असता. हे त्या रात्री सांगायला कोणी नव्हते.

त्यानंतर कायदे बदलले. १९८७ च्या दुरुस्तीने कारखाने अधिनियमात अशी तरतूद आली की धोकादायक प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याने त्या धोक्यांची आणि उपायांची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आजूबाजूच्या जनतेलाही दिली पाहिजे. १९८९ च्या धोकादायक रसायनांविषयीच्या नियमांनी कारखान्याबाहेरच्या आपत्कालीन योजना सक्तीच्या केल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २००३ च्या आदेशानंतर अशा कारखान्यांच्या फाटकाबाहेर फलक लागले. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाने ते पाहिलेले असतात. आत कोणती रसायने किती आहेत, सांडपाण्याचा सामू (पीएच) किती, रासायनिक ऑक्सिजन मागणी किती, घातक कचरा किती, असे रकाने त्यांवर असतात. रबाळे, घणसोली, कोपरखैरणे येथील किती तरी मुले शाळेत जाताना या फलकांसमोरून जातात, आणि त्यांतल्या अनेकांचे आईवडील त्याच फाटकांतून कामाला जातात. दहावीच्या मुलाने ऑक्सिडीकरण आणि क्षपण शिकलेले असते, आणि रासायनिक ऑक्सिजन मागणी हे त्याच ऑक्सिडीकरणाचे मोजमाप आहे: सांडपाण्यातील द्रव्ये पूर्णपणे ऑक्सिडीकृत करायला एका लिटरमागे किती मिलिग्रॅम ऑक्सिजन लागेल, एवढाच त्याचा अर्थ. नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. हे वाक्य वर्गात उच्चारायला अर्धा मिनिट लागत नाही. ते उच्चारले जात नाही, म्हणून कायद्याने दिलेली माहिती फाटकावर टांगलेली राहते आणि ज्यांच्यासाठी ती टांगली ते न वाचता पुढे जातात.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप शिक्षकच घेतात, आणि तो वरवर पाहता बिनतोड आहे: हे सगळे पुस्तकात आहेच. नववीच्या पुस्तकात ‘पदार्थ आपल्या वापरातील’ नावाचा स्वतंत्र पाठ आहे. मीठ, खाण्याचा सोडा, धुण्याचा सोडा, विरंजक चूर्ण (ब्लीचिंग पावडर) सगळे त्यात येते. पुस्तक करणाऱ्यांचे श्रेय मी नाकारत नाही. जुन्या पुस्तकांच्या तुलनेत ही पुस्तके कितीतरी मोकळी आहेत. पण परीक्षेत त्या पाठावर काय विचारले जाते? बेकिंग सोड्याचे उपयोग लिहा. विरंजक चूर्णाचे गुणधर्म लिहा. म्हणजे रोजच्या वापरातील पदार्थही पाठांतराचाच आणखी एक पदार्थ झाला. ज्या मुलाने विरंजक चूर्णाचे पाच उपयोग लिहून पूर्ण गुण मिळवले, त्याच मुलाच्या घरी रविवारी न्हाणीघरात दोन बाटल्या एकत्र ओतल्या जातात आणि खोकला येतो तेव्हा ‘वास जरा उग्र आहे’ म्हणून सोडून दिले जाते. रोजच्या जगण्याचा पाठ असणे आणि रोजच्या जगण्यातला प्रश्न सोडवायला लागणे यांत मोठे अंतर आहे.

ते अंतर किती महाग पडते हे पाहायचे असेल तर कोणत्याही सोसायटीत पाणी शुद्ध करण्याची यंत्रे विकायला येणाऱ्या माणसाचे प्रात्यक्षिक नीट बघावे. तो दोन पेल्यांत पाणी घेतो, एकात नळाचे, दुसऱ्यात यंत्रातून आलेले. मग धातूच्या कांड्या असलेले एक छोटे उपकरण दोन्ही पेल्यांत बुडवून वीज सुरू करतो. काही मिनिटांत नळाच्या पाण्याला तपकिरी, हिरवट रंग चढतो, वर गाळ तरंगू लागतो; दुसरा पेला जवळजवळ नितळ राहतो. ‘बघा, तुमची मुले हे पितात,’ असे तो म्हणतो, आणि घरात चेक लिहिला जातो. प्रत्यक्षात त्या कांड्यांपैकी काही लोखंडाच्या व काही ॲल्युमिनियमच्या असतात. नळाच्या पाण्यात विरघळलेले क्षार असतात, त्यांच्या आयनांमुळे वीज वाहते, धनाग्रावरचे लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचे हायड्रॉक्साइड गाळ म्हणून दिसते. घाण पाण्यातली नाही, कांडीची आहे. यंत्रातल्या पाण्यात आयन जवळजवळ नसतात, म्हणून तेथे काही घडत नाही. त्या नितळ पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगावे. तोही तपकिरी होतो. विद्युत अपघटनाचा पाठ मुलांना येतो. ॲल्युमिनाच्या क्षपणाची आकृती काढून ऋणाग्र, धनाग्र, क्रायोलाइट अशी नावे देणारा विद्यार्थी त्याच खोलीत बसलेला असतो, आणि त्याला आपण शिकलेली गोष्ट आपल्या समोर चालली आहे हे ओळखू येत नाही. हा त्या मुलाचा दोष म्हणता येईल का?

याच धाग्यातला दुसरा प्रयोग घोडबंदर रस्त्यावरच्या कोणत्याही शाळेत फुकट करता येईल. तेथील अनेक सोसायट्यांना टँकरवर अवलंबून राहावे लागते. नळाचे आणि टँकरचे सारख्या मापाचे पाणी दोन बाटल्यांत घेऊन साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने घालावे आणि टिकाऊ फेस यायला किती थेंब लागतात ते मोजावे. टँकरचे पाणी बोअरवेलचे असेल तर थेंब वाढतात. मग तेच पाणी उकळून, गाळून पुन्हा मोजावे. थेंब कमी झाले तर दुष्फेनता, म्हणजे पाण्याचा जडपणा, तात्पुरती, नाही झाले तर कायमची. कॅल्शियमचे बायकार्बोनेट, त्याचे उकळल्यावर होणारे अपघटन, गिझरच्या कॉइलवर जमणारा पांढरा थर, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात दुष्फेनतेची लिटरला २०० मिलिग्रॅम ही स्वीकार्य मर्यादा, हे सगळे एका तासात एकमेकांशी जोडले जाते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रसायनशास्त्राची खरी ताकद अमूर्तात आहे. एकच आवर्तसारणी लोखंडालाही लागू पडते आणि लिथियमलाही. संदर्भातून शिकवले तर मुले संदर्भ लक्षात ठेवतात आणि तत्त्व विसरतात, असे अनुभवी शिक्षक सांगतात. ही चिंता पोकळ नाही. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकापासून आणि अमेरिकेतही संदर्भाधिष्ठित रसायनशास्त्राचे मोठे अभ्यासक्रम चालवले गेले. त्यांच्यावर झालेल्या संशोधनाच्या आढाव्यातून निघालेला निष्कर्ष संयत आहे: मुलांची विषयाबद्दलची आस्था वाढते, आणि संकल्पनांची समज पारंपरिक पद्धतीने शिकलेल्या मुलांच्या साधारण बरोबरीची राहते. समज दुप्पट होते असा दावा जे करतात त्यांनी तो सोडून द्यावा. पण या निष्कर्षाची दुसरी बाजूही वाचायला हवी. समज कमी होत नाही. ज्यांना वाटते की परिसर वर्गात आणला की मूलतत्त्वांची किंमत मोजावी लागते, त्यांच्या भीतीला येथे आधार मिळत नाही. समज तेवढीच, आस्था जास्त, आणि शिवाय फलक वाचता येतो, फसवे प्रात्यक्षिक ओळखता येते. मग हा सौदा तोट्याचा कसा?

तिसरा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण त्यामागे इतिहासाची जखम आहे. गरिबांच्या मुलांना ‘जीवनोपयोगी’ शिक्षण आणि सुखवस्तूंच्या मुलांना खरे विज्ञान, अशी वाटणी आपल्याकडे झालेली आहे. १९३७ च्या वर्धा योजनेतील नई तालीम, म्हणजे हस्तोद्योगातून शिकवण्याची गांधीजींची पद्धत, चांगल्या हेतूने आली, तरी अनेकांनी तिच्याकडे दुय्यम शिक्षण म्हणूनच पाहिले, आणि ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हाताच्या कामात डांबून ठेवले होते त्यांना ‘आता शाळेतही हातानेच शिका’ हे ऐकणे अपमानाचे वाटले. ते स्वाभाविक होते. महापालिकेच्या शाळेत साबण बनवणे आणि खासगी शाळेत मोल संकल्पना, अशी विभागणी होणार असेल तर मी स्वतः या सुधारणेच्या विरोधात उभा राहीन. पण उपयोग आणि तत्त्व यांची फारकत अटळ आहे का? महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाविषयीच्या हंटर आयोगापुढे निवेदन दिले तेव्हा प्राथमिक शिक्षणात लेखन, वाचन, हिशेब, इतिहास, भूगोल यांच्या जोडीने शेती आणि आरोग्याचे ज्ञानही मागितले होते. एकाच्या बदल्यात दुसरे त्यांनी मागितले नव्हते. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कलाभवन ही तंत्रशिक्षणाची संस्था काढली आणि ती प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या हाती दिली, तेव्हा युरोपातील कृत्रिम रंगांनी देशी रंगाऱ्यांचा धंदा मोडत आणला होता. गज्जरांनी रंगाऱ्यांचा प्रश्न घेतला आणि त्यासाठी आधुनिक रसायनशास्त्र शिकवले. त्यांच्याच विद्यार्थ्यांच्या साथीने १९०७ मध्ये अलेंबिक ही रसायने व औषधांची कंपनी उभी राहिली. तिकडे कलकत्त्यात मर्क्युरस नायट्राइटवर मूलभूत संशोधन करणारे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीच बेंगॉल केमिकल हा रसायने व औषधांचा कारखाना उभारला. या माणसांना तत्त्व आणि समाज यांत निवड करावी लागली नाही. आपल्या मुलांना ती का करायला लावायची?

एक कस लावून पाहू. गणेशोत्सव आला की प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवरून ठाण्यात दरवर्षी वाद होतो. श्रद्धा, मूर्तिकारांचे पोट आणि पर्यावरण अशा तिन्ही बाजूंनी तावातावाने बोलले जाते आणि विद्राव्यतेचा उल्लेखही होत नाही. प्लास्टर पाण्यात जिप्सममध्ये बदलते आणि जिप्सम लिटरभर पाण्यात दोन-अडीच ग्रॅमच विरघळते. दहा किलोच्या मूर्तीतले सगळे प्लास्टर विरघळवायचे तर किती पाणी लागेल? उत्तर पाच हजार लिटरच्या आसपास येते, आणि तलावाच्या तळाशी मूर्ती का पडून राहतात ते कळते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेल्या पद्धतीत पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालतात. त्यातून कॅल्शियम कार्बोनेट आणि खत म्हणून वापरता येणारे अमोनियम सल्फेट मिळते. दहा किलो प्लास्टरसाठी अमोनियम बायकार्बोनेट किती लागेल? समीकरण संतुलित करा, मोल काढा, उत्तर साधारण अकरा किलो. या प्रश्नात स्फटिकजल आहे, दुहेरी अपघटन आहे, मोल आहे, विद्राव्यता आहे. प्रवेश परीक्षेच्या तयारीला यापेक्षा निर्मळ उदाहरण कोणते देता येईल? आणि हा प्रश्न सोडवलेली मुलगी पुढे मतदार म्हणून कृत्रिम तलावांच्या खर्चावर बोलेल तेव्हा तिच्या बोलण्याला आकड्यांचा आधार असेल.

चौथा आक्षेप एका मित्राने घेतला. तो म्हणाला, नागरिकांना शहाणे करण्याच्या नादात तुम्ही कारखानदाराला आणि सरकारला मोकळे सोडता. भोपाळमध्ये ओल्या कपड्याची गोष्ट सांगणे म्हणजे मेलेल्या माणसावर ठपका ठेवणे. यातले सत्य मान्य केलेच पाहिजे: गळतीची जबाबदारी गळती करणाऱ्याची, आणि कोणत्याही पाठ्यपुस्तकाने ती हलकी होत नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ ला आणि पुन्हा २३ मे २०२४ ला स्फोट झाले, तेव्हा काचा फुटलेल्या घरांतील लोकांना रसायनशास्त्र येत होते की नाही हा प्रश्नच गैरलागू होता. पण जबाबदारी निश्चित करायला लावणारे कोण असते? रात्री उग्र वास आला की कोपरखैरण्याचे रहिवासी तक्रार करतात, आणि ‘वास येतो’ एवढ्यावर ती तक्रार अडते. वास कशासारखा होता, किती वाजता आला, वारा कोणत्या दिशेचा होता, डोळे चुरचुरले की घसा, हे नोंदवून दिलेली तक्रार प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याला सहज बाजूला सारता येत नाही. अज्ञानी शेजाऱ्याचा फायदा नेहमी दोषी कारखान्यालाच होतो.

राहता राहिला शिक्षकांचा भार. साठ-साठ मुलांचे वर्ग, निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंतची कामे आणि कुलूपबंद प्रयोगशाळा, या सगळ्यांत नवे ओझे कोणी उचलायचे? येथे होशंगाबादचा अनुभव शिकण्यासारखा आहे. १९७२ मध्ये मध्य प्रदेशात सुरू झालेला तो विज्ञान शिक्षण कार्यक्रम ग्रामीण शाळांत तीस वर्षे चालला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. तो बंद झाला म्हणून अशा पद्धती टिकत नाहीत असे म्हणणारे एक गोष्ट सांगायला विसरतात: साधी साधने घेऊन गावातल्या शाळांत प्रयोग करून शिकवता येते हे त्याने तीस वर्षे दाखवले, आणि ते जमले कारण परीक्षाही बदलली होती. मुले पुस्तक उघडून लिहीत आणि प्रात्यक्षिकाचे गुण खरोखर प्रात्यक्षिकाचे असत. आपल्याकडे दहावीला विज्ञानाचे दोन भाग चाळीस-चाळीस गुणांचे आणि वीस गुण प्रात्यक्षिकाचे. ते वीस गुण बहुतेक ठिकाणी वही पूर्ण असल्याबद्दल मिळतात. शिक्षकावर नवे काम न लादता जुन्याच वीस गुणांतले पाच परिसरातील एका मोजणीसाठी ठेवता येतील, आणि लेखी परीक्षेत ‘उपयोग लिहा’ या प्रश्नाच्या जागी ‘सिलिंडर असलेल्या खोलीत जाळी कुठे बसवाल, रेणुवस्तुमानाच्या आधारे सांगा’ असा एक प्रश्न येऊ शकेल. प्रश्नपत्रिका बदलली की शिकवणे आपोआप बदलते, हे कोणत्याही क्लासवाल्याला विचारावे.

साधने दूर नाहीत. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र वाशीच्या पुलापलीकडे मानखुर्दला आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील मोठ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी आहेत, महापालिकांचे पाणी तपासणारे कर्मचारी आहेत. वर्षातून एकदा त्यांनी जवळच्या शाळेत तास घ्यावा, आणि तो शिक्षकाने आधी ठरवलेल्या पाठाला जोडलेला असावा. आपल्या शाळांत भूकंपाचा आणि आगीचा सराव होतो. रबाळे किंवा तुर्भ्याच्या शाळेत वायुगळतीचा सराव मात्र क्वचितच होत असेल: खिडक्या कधी बंद करायच्या, वाऱ्याच्या दिशेला आडवे कसे जायचे, तळमजल्यावर थांबायचे की वरच्या मजल्यावर जायचे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बाहेर पडलेल्या वायूवर अवलंबून आहे, आणि जवळच्या कारखान्यात कोणता वायू आहे ते फाटकावरच्या फलकावर लिहिलेले आहे. या जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा मुख्याध्यापकांनी त्या फलकावरील नावे लिहून आणायला नववीच्या मुलांना सांगावे, आणि रसायनशास्त्राचा पहिला तास तेथून सुरू करावा.